अ‍ॅना मूरच्या वाटेने : मॅनहॅटन ते व्हाइट रिव्हर जंक्शन

शुक्रवार, मॅनहॅटन

मूकपटांच्या काळातली अमेरिकन नटी लिलियन गिश हिच्या अस्थी पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चमध्ये आहेत, म्हणून आम्ही सुरुवात तिथून केली. आम्ही म्हणजे मी आणि कोल्हापूरहून न्यू जर्सीतल्या एडिसनला माझ्याकडे राहायला आलेली मावशी. आजूबाजूला काचेचे उंच मनोरे आणि मध्येच हे घुमटाचं, त्यांच्या मानाने ठेंगणं चर्च. त्याचं कोरीव प्रवेशद्वार व्हँडरबिल्ट या रेल्वेवाल्या कोट्यधीश घराण्याच्या पैशातून झालेलं. जिचं बालपण फिरत्या नाटक कंपनीबरोबर रेल्वेच्या बाकांवर झोपत गेलं, ती मुलगी आज त्या दाराच्या आत आहे. शेजारी आई आणि धाकटी बहीण डोरोथी.

लिलियनचा जन्म १८९३चा, ओहायो राज्यातला. वडील घर सोडून गेले. आईने पोटासाठी रंगभूमीचा आधार घेतला आणि दोन्ही मुलींनाही लहानपणीच रंगमंचावर उभं केलं. ती नाटकं बहुतेक मेलोड्रामा असत: गहाण पडलेलं घर, दुष्ट धनिक, अंगणातून हाकलून दिलेली लेक. १९१२ मध्ये दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथने दोघी बहिणींना बायोग्राफ या चित्रपट कंपनीत घेतलं आणि तिथून लिलियन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली ती थेट १९८७ पर्यंत. १९९३ मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी ती गेली. मावशीने चर्चमध्ये नमस्कार केला आणि बाकावर बसून म्हणाली, "पंचाहत्तर वर्षं काम! आणि आम्हाला हिचं नावही माहीत नव्हतं."

हा प्रवास तिच्या एका मूकपटासाठी होता: १९२० चा 'वे डाउन ईस्ट', ज्यात तिने अ‍ॅना मूर या मुलीचं काम केलं. बर्फाच्या लादीवर बेशुद्ध पडलेली मुलगी नदीतून धबधब्याकडे वाहत चालली आहे आणि तिच्यावर प्रेम करणारा तरुण लाद्यांवरून उड्या मारत तिच्यामागे धावतो आहे, हे दृश्य चित्रपटाच्या इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतं. मला मात्र त्या चित्रपटातलं जेवणाचं टेबल बर्फाइतकंच मोठं वाटतं. त्या टेबलाशी कोण बसतं, कोण वाढतं आणि कोणाला उठवून बाहेर घालवलं जातं, यातच गरीब मुलगी आणि श्रीमंत पुरुष यांच्या प्रेमाची सगळी गोष्ट आहे.

दुपारी चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर गेलो. ३ सप्टेंबर १९२० ला चित्रपट जिथे लागला ते फोर्टी-फोर्थ स्ट्रीट थिएटर १९४५ मध्ये पाडलं गेलं, त्यामुळे पाहण्यासारखं काही नाही. फुटपाथवर उभ्या उभ्या मावशीला पूर्वकथा सांगितली. लॉटी ब्लेअर पार्कर या बाईंचं हे नाटक १८९८ पासून गावोगाव चालत होतं आणि १९२० पर्यंत पुरतं जुनं झालं होतं. ग्रिफिथने त्याच्या हक्कांसाठी १,७५,००० डॉलर मोजले. हा वेडेपणा आहे असं त्याच्याच माणसांना वाटलं, लिलियनलाही वाटलं. याच ग्रिफिथने १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेला नायक करणारा, काळ्या माणसांची विटंबना करणारा चित्रपट काढला होता. ते पाप मोठं आहे, आणि ते बाजूला सारून त्याचं कौतुक करणं मला जमत नाही. पण गरीब बाईला समाज कसं वागवतो हे त्याने या चित्रपटात जे दाखवलं, तेही खरं आहे.

शनिवार, मॅमरोनेक

ग्रँड सेंट्रलहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत मॅमरोनेक येतं. लाँग आयलंड साउंडच्या काठावरचं टुमदार, पैसेवाल्यांचं गाव. इथल्या ओरिएंटा पॉइंट नावाच्या भूशिरावर हेन्री फ्लॅगलरची इस्टेट होती. रॉकफेलरबरोबर स्टँडर्ड ऑइल उभी करणारा आणि पुढे फ्लोरिडात रेल्वे आणि हॉटेलं बांधणारा तो फ्लॅगलर. त्याच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, ग्रिफिथने कॅलिफोर्निया सोडून आपला स्टुडिओ या इस्टेटीत आणला. 'साध्या माणसांची साधी गोष्ट' अशी ओळख सांगणारा चित्रपट तेलाच्या कोट्यधीशाच्या आवारात तयार झाला.

आज त्या भूशिरावर खाजगी क्लब आणि बंगले आहेत, आत जाता येत नाही. हार्बर आयलंड पार्कमधून पाण्यापलीकडे पाहता येतं, तेवढं आम्ही पाहिलं. मार्च संपत आला होता तरी वारा हाडात शिरत होता. मावशीने कानटोपी, त्यावर शाल आणि शालीवर माझा कोट असा थाट केला होता.

नेमका हा वाराच ग्रिफिथला हवा होता. घरातून हाकलल्यावर अ‍ॅना वादळात भरकटते, ते दृश्य त्याला खऱ्या वादळात घ्यायचं होतं आणि त्यासाठी सगळी कंपनी हिमवादळाची वाट पाहत थांबली होती. मार्च १९२० मध्ये ते आलं. वाऱ्याने कॅमेरा उलथू नये म्हणून तिघे जण जमिनीवर आडवे पडून तिपाईचे पाय धरून राहिले. तेल गोठू नये म्हणून कॅमेऱ्याखाली छोटा जाळ केला. बिली बिट्झर कॅमेऱ्यामागे होता. लिलियनच्या पापण्यांवर बर्फाचे खडे जमले, तेव्हा ग्रिफिथने कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ न्यायला लावला. पडद्यावर त्या पापण्या आजही दिसतात. तो मेकअप नाही.

"आणि तो पैसेवाला? तो पण वादळात होता का?" मावशीने विचारलं.

नव्हता. लोवेल शर्मन या नटाने केलेला लेनॉक्स सँडरसन सबंध चित्रपटात थंडीने कुडकुडताना दिसत नाही. मावशीने सहज विचारलेला हा प्रश्न माझ्या मनात पुढचे दोन दिवस घोळत राहिला.

परतताना क्लॅरिन सीमोर या नटीबद्दल बोललो. ती या चित्रपटात केटचं काम करत होती. २१ वर्षांची होती, एप्रिल १९२० मध्ये आजारपणात गेली आणि तिची भूमिका मेरी हे हिला मिळाली.

रविवार, व्हरमाँटर गाडी

मेट्रोपार्कहून अ‍ॅमट्रॅकची व्हरमाँटर दिवसातून एकदाच सुटते आणि व्हरमाँट राज्यातल्या व्हाइट रिव्हर जंक्शनला, म्हणजे बर्फाचं दृश्य घेतलं त्या गावाला, पोचायला संध्याकाळ होते. मोटारीने दोन तास तरी वाचले असते असं घरच्यांचं म्हणणं होतं, पण मला रेल्वेनेच जायचं होतं. शिवाय चित्रपट जवळजवळ अडीच तासांचा, तो मावशीला कुठेतरी सलग दाखवायचा होता. काल उतरलो ते मॅमरोनेक स्टेशन न थांबता मागे गेलं आणि स्टॅमफर्ड सोडल्यावर मी टॅबलेट समोर ठेवला. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या चित्रपटाची डागडुजी करून तो जपला आहे. मूळ पार्श्वसंगीत लुई सिल्व्हर्स आणि विल्यम पीटर्स यांचं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या.

अ‍ॅना मूर न्यू इंग्लंडमधल्या खेड्यातली. घरात आई आणि ती. पैशांची चणचण झाली म्हणून आई तिला बॉस्टनच्या श्रीमंत नातेवाइकांकडे मदत मागायला पाठवते. त्या हवेलीत लिलियनने केलेलं काम मी किती वेळा पाहिलं तरी अंगावर येतं. दारात उभी राहते तेव्हा तिला हातांचं काय करावं ते कळत नाही. चुलतबहिणी तिच्या कपड्यांकडे वरपासून खालपर्यंत बघतात. एकही शब्द लागत नाही. मग घरातली एक विक्षिप्त मावशी केवळ त्या बहिणींचा तोरा उतरवायला हिला उंची पोशाख घालून मेजवानीत आणते, आणि सँडरसनची नजर तिच्यावर पडते.

"कपडे बदलले म्हणून दिसली," मावशी म्हणाली. "कालपर्यंत हीच पोरगी दारात उभी होती."

सँडरसन लग्न करतो, पण गुपचूप. वडिलांना कळलं तर पैसे बंद होतील, अशी सबब. भटजी खोटा, परवाना खोटा. अंगठी घालताना ती खाली पडते आणि त्याच क्षणी ग्रिफिथ दूरच्या एका शेतावर झोपलेला डेव्हिड बार्टलेट दाखवतो. तो दचकून उठतो. या दोघांनी अजून एकमेकांना पाहिलेलंही नाही. तर्काने पाहिलं तर याला काही अर्थ नाही, आणि मेलोड्रामात तर्कापलीकडचं जे असतं ते इतक्या नेमकेपणाने मांडलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

मावशीने थांबवायला सांगितलं. "अगं, हे शाकुंतलच आहे."

संगीत शाकुंतल तिने लहानपणी पाहिलेलं, पदं अजून पाठ. आश्रमातली मुलगी, मोठ्या घरचा पुरुष, साक्षीदार नसलेलं लग्न, अंगठी, पोटातलं मूल आणि मग ओळख नाकारणं. हार्टफर्ड मागे गेलं, स्प्रिंगफील्ड मागे गेलं, आमचं हेच चाललं होतं. महाभारतातल्या मूळ कथेत दुष्यंताला सगळं आठवत असतं आणि लोक काय म्हणतील म्हणून तो शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून राजाला त्या दोषातून सोडवलं. सँडरसनला असा कुठलाही शाप नाही. त्याला सगळं आठवतं. अ‍ॅना बाळाची बातमी आनंदाने सांगते तेव्हा तो लग्न खोटं होतं म्हणून सांगून मोकळा होतो. मावशी म्हणाली, "मग हा सिनेमा महाभारताच्या जवळचा." मला ते पटलं.

पुढचा भाग आम्ही न बोलता पाहिला. आई वारलेली. परक्या गावात भाड्याची खोली. बाळ आजारी पडतं आणि त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून अ‍ॅना स्वतःच पाणी शिंपडून तो करते आणि बाळाला नाव ठेवते. मग गार पडत चाललेले त्याचे हात ती आपल्या श्वासाने गरम करू पाहते. लिलियन तेव्हा २६ वर्षांची होती. मूकपटातला अभिनय म्हणजे डोळे विस्फारणं आणि छातीवर हात मारणं, असं समजणाऱ्याने ही पाचसात मिनिटं पाहावीत. मूल गेल्यावर घरमालकीण खोली सोडायला सांगते, कारण या बाईचा नवरा कुठे दिसत नाही. पेनसिल्वेनियाच्या सेन्सॉरला तर गरोदरपणाचे उल्लेखही खपले नाहीत, त्यांनी कात्री लावायला लावली.

अ‍ॅना चालत चालत बार्टलेटांच्या शेतावर येते. म्हाताऱ्या बार्टलेटची बायबलवर निष्ठा, म्हणून अनोळखी बाईला ठेवून घ्यायला तो कचरतो. बायको समजावते, तेव्हा राहू देतो. ती कामाला लागते: पाणी आणणं, वाढणं, भांडी. घरचा मुलगा डेव्हिड तिच्यावर जीव लावतो. रिचर्ड बार्थेल्मेसने हे काम इतकं हळुवार केलं आहे की त्याच्यासमोर सँडरसनची ऐट पोकळ वाटते. आणि शेजारची इस्टेट कोणाची? सँडरसनची. तो बार्टलेटांकडे पाहुणा म्हणून येतो, मानाने बसतो आणि एकांतात अ‍ॅनाला सांगतो की तू इथून निघून जा, मला अडचण होते.

मधली विनोदी पात्रं, गावातली चहाडखोर मार्था, फुलपाखरांमागे धावणारा प्रोफेसर, यांच्यावर ग्रिफिथने फार वेळ घालवला आहे. मावशीला तेवढ्यात डुलकी लागली आणि मी उठवलं नाही.

उठवलं ते जेवणाच्या टेबलापाशी. घरमालकिणीकडून मार्थाला आणि मार्थाकडून बार्टलेटला बाळाची हकिकत कळली आहे. त्याने जाऊन खात्रीही करून घेतली आहे. भरल्या टेबलावर, सगळ्यांसमोर तो अ‍ॅनाला दार दाखवतो. सँडरसन तिथेच, ताटावर. आणि आतापर्यंत खाली मान घालून वाढणारी अ‍ॅना वळते, त्याच्याकडे बोट दाखवते आणि विचारते की माझी चौकशी केलीत, तुमच्या या सन्माननीय पाहुण्याची का नाही केली? हे वाक्य आपण पडद्यावरच्या पाटीवर वाचतो, पण त्याआधी तिच्या सबंध शरीरातून ते उमटलेलं असतं. मग ती दार उघडून वादळात जाते.

गाडी तेव्हा कनेक्टिकट नदीच्या काठाने ब्रॅटलबरोच्या पुढे निघाली होती. मावशीने टॅबलेट उलटा ठेवला. "उरलेलं नदीवर गेल्यावर दाखव," म्हणाली.

सोमवार, व्हाइट रिव्हर जंक्शन

नावाप्रमाणे हे जंक्शनचं गाव. एकेकाळी उत्तर न्यू इंग्लंडच्या रेल्वेचं नाकं होतं. आज दोनचार रस्ते, विटांच्या जुन्या इमारती आणि २००५ पासून व्यंगचित्रकला शिकवणारी एक संस्था, त्यामुळे फुटपाथवर वह्या घेतलेली तरुण मुलं. स्टेशनसमोरच्या कूलिज हॉटेलच्या जागी १९२० मध्ये जंक्शन हाउस होतं, ते १९२५ च्या आगीत गेलं.

नदी पाच मिनिटांवर. व्हाइट रिव्हर इथे कनेक्टिकट नदीला मिळते आणि पलीकडच्या काठावर न्यू हँपशायर राज्य सुरू होतं. पात्र मधोमध मोकळं झालं होतं, पाणी काळपट, वेगाने चाललेलं. काठाला मात्र बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढून पडलेल्या होत्या, काही माणसाच्या उंचीच्या. मावशीने जवळ जाऊन एका लादीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

इथे मार्च १९२० मध्ये ते चित्रण झालं. गोठलेलं पात्र करवतीने आणि सुरुंगाने फोडून लाद्या मोकळ्या केल्या. लिलियनच्या ऐवजी दुसरी कोणी नव्हती. पातळ पोशाखात ती लादीवर आडवी होत असे. तिच्याच सांगण्यानुसार तीन आठवडे, दिवसातून वीसेक वेळा. केस आणि एक हात पाण्यात सोडायचा, ही कल्पनाही तिचीच. केस गोठून काठीसारखे झाले. त्या हाताची बोटं पुढे आयुष्यभर तिला त्रास देत राहिली. धबधबा इथे नाही. तो भाग नंतर कनेक्टिकट राज्यात फार्मिंग्टनला घेतला आणि मध्ये नायगाऱ्याची दृश्यं जोडली. हे माहीत असूनही ते पाहताना दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. सहा वर्षांनी रशियात दिग्दर्शक पुडोव्हकिनने 'मदर' मध्ये फुटणाऱ्या बर्फाची नदी आणली, ती ग्रिफिथच्या या प्रसंगावरून, असं मानलं जातं.

बाकावर बसून शेवट पाहिला. डेव्हिड तिला लादीच्या टोकावरून उचलतो. म्हातारा बार्टलेट माफी मागतो. सँडरसन म्हणतो, आता मी खरंच लग्न करतो, आणि अ‍ॅना नकार देते. शेवटी एकाच मांडवात तीन लग्नं.

आणि तिथे आमचं वाजलं. मावशीला शेवट मुळीच पटला नाही. "ज्या माणसाने हाकललं त्याच्याच घरात सून म्हणून? आणि त्या सँडरसनचं काय गेलं? एक जेवण चुकलं." तिचं म्हणणं खोटं नाही. अ‍ॅनाची आई गेली, मूल गेलं, नाव गेलं. सँडरसनची इस्टेट आहे तिथे आहे. आणि पडद्यामागचा हिशेब पाहिला तर बोटंही दुखावली ती लिलियनचीच. पण मी अडून बसले. १९२० साली गावोगावचे लोक, त्यांत कितीतरी बार्टलेटसारखे कर्मठ, तिकीट काढून हे पाहायला गेले आणि 'पडलेली' म्हणून ज्या बाईला त्यांनी स्वतः दार दाखवलं असतं ती वाचावी म्हणून श्वास रोखून बसले. हे एखाद्या प्रवचनाने झालं नसतं. सँडरसनला शिक्षा होत नाही, कारण तशा माणसांना तेव्हा होत नव्हती. ग्रिफिथने तेवढ्यापुरतं खोटं सांगितलं नाही. खोटं त्याने तीन लग्नांच्या मांडवात सांगितलं, हे मला मान्य.

मावशी मग कोल्हापूरवर आली. त्याच दशकात, १९२५ मध्ये, बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला, त्यात तरुण शांतारामांनी कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचं काम केलं. "आमच्याकडे जमीन जायची, यांच्याकडे अब्रू," ती म्हणाली. "घेणारा तोच."

मंगळवार, परतीची गाडी

सकाळी पुन्हा नदीवर जाऊन आलो. गाडीत बसल्यावर मावशीने स्वतःच विचारलं, "बायकांनी काढलेला आहे का असा एखादा?"

आहे. लोइस वेबरचा १९२१ चा 'द ब्लॉट'. महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं घर, पगार इतका तुटपुंजा की मुलगी ग्रंथालयात काम करते, आणि बापाचा श्रीमंत विद्यार्थी तिच्या प्रेमात पडतो. शेजारी बूट बनवून पैसा केलेलं कुटुंब, ज्यांच्या टेबलावर रोज उतू जाईल इतकं अन्न. वेबरने वादळ आणलं नाही, धबधबा आणला नाही. तिने कॅमेरा झिजलेल्या गालिच्यावर आणि बुटाच्या फाटक्या तळव्यावर नेला. मुलगी आजारी आहे, तिला पौष्टिक काही द्यायला घरात नाही, म्हणून आई शेजाऱ्यांच्या खिडकीतली कोंबडी उचलते, आणि शरमेने परत ठेवते. मुलीने मात्र उचलताना पाहिलेलं असतं, ठेवताना नाही. गरीब-श्रीमंत वर्गांमधलं अंतर दाखवायला मला ठाऊक असलेल्या मूकपटांत याहून अचूक प्रसंग नाही; त्यात खलनायकही लागलेला नाही.

मावशीने तो प्रसंग दोनदा पाहिला. मग पिशवीतून डबा काढला, दशम्या आणि चटणी वाटली आणि म्हणाली की कोल्हापूरला परत गेल्यावर भिशीच्या बायकांना दोन्ही चित्रपट दाखवायचे, आधी वेबरबाईंचा, मग ग्रिफिथचा. आणि इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्याने वाचायचं काम ती स्वतः करणार. ब्रिजपोर्ट येईपर्यंत आम्ही अ‍ॅनाच्या त्या टेबलावरच्या वाक्याची तिची मराठी ठरवत होतो.